दीड ते अडीच

अर्जातला पहिलाच प्रश्न होता, 'तुमच्या आयुष्यातल्या एखाद्या संघर्षाविषयी दोनशे शब्दांत लिहा.' तो मी जेवायला बसल्यावर मोठ्यानं वाचला, ही माझी चूक. आमच्या घरात मोठ्यानं वाचलेली गोष्ट सगळ्यांच्या मालकीची होते.

"कसला संघर्ष?" पप्पांचा घास हातातच राहिला. "दारात गाडी हाय, गोठ्यात दोन म्हशी हायत, तुला नवा फोन घेतलाय. लिही, संघर्ष न्हाय म्हणून. खोटं कशाला बोलायचं?"

"तसं चालत न्हाय, दादा," विजूकाका म्हणाले. विजूकाका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. "असल्या ठिकाणी गरिबी दाखवाय लागती. गोठ्यात हिला शेण काढताना उभी करू, मी फोटो मारतो."

आईनं पप्पांच्या ताटात भात वाढला आणि काहीच बोलली नाही. जेवताना ती कधी बोलत नसे, कारण ती आमच्याबरोबर कधी जेवायलाच बसत नसे.

अर्ज होता उन्हाळी लेखन निवासाचा. मे महिन्यात तीन आठवडे, पाचगणीच्या अलीकडं एका जुन्या बंगल्यात, नववी ते बारावीच्या वीस मुलांना कथा लिहायला शिकवणार होते. अख्ख्या महाराष्ट्रातून वीस. मी संयोगिता, अकरावीत, राहणार कसबा बावडा, आणि मला तिथं जायचंच होतं. का जायचंय, असंही अर्जात विचारलं होतं. तिथं मी 'साहित्याची आवड' वगैरे लिहून टाकलं. खरं कारण वेगळं होतं. त्यांच्या पत्रकात राहायच्या खोलीचा फोटो होता. एक कॉट, एक टेबल, एक खिडकी आणि एकच खुर्ची. दुसरं माणूस आलं तर त्याला बसायला जागाच नाही. असलं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आमच्या घरात खुर्च्या सतरा आहेत. त्याला कारण पप्पा. पप्पांचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. गगनबावड्यापासून मलकापूरपर्यंतची गिऱ्हाइकं येतात. पार्ट गोडाऊनमधून यायला तासभर लागणार असला, की पप्पा गिऱ्हाइकाला दुकानात ताटकळत ठेवत नाहीत. "पावणं, तवर घराकडं जाऊन जेवून घ्या की!" म्हणतात. नको म्हणायची सोय नसते. एकदा पत्ता चुकून आलेला मीटर रीडिंगवालासुद्धा जेवून गेलाय. मग कुणीतरी अनोळखी माणूस आमच्या दारात उभा राहून सांगतो, "उदयसिंहरावांनी पाठीवलंय," आणि आई ताट वाढते. उदयसिंहाच्या घरातनं माणूस उपाशी परत जात नाही, असं सगळा बावडा म्हणतो. भाकरी कोण थापतं, हे म्हणायची पद्धत नाही.

अर्जाला शिफारसपत्र लागत होतं. ते मी मराठीच्या महांतेश सरांकडून घेतलं. सर गडहिंग्लजकडचे, घरी कानडी बोलतात आणि वर्गातल्या सगळ्या मुलींना 'तंगी', म्हणजे धाकटी बहीण, म्हणतात. त्यांनी लिहिलं, 'कु. संयोगिता वर्गात शांत बसते. अक्षर वळणदार आहे. वेणी घालून येते.'

"सर, मी काय लिहिते त्याबद्दल पण लिहा की."

"अक्षर चांगलं हाय म्हणून लिवलोय की, तंगी. अजून काय पायजे?"

संघर्षाच्या रकान्यात मी शेवटी एवढंच लिहिलं, 'हा अर्ज भरणे.' कदाचित त्यामुळंच असेल, मार्चमध्ये ईमेल आला. पहिली फेरी पार. आता एकतीस तारखेपर्यंत एक कथा पाठवा. अट एकच, तीही ठळक अक्षरांत : कथा स्वतःची असावी आणि पूर्वी कुठंही, कोणत्याही स्वरूपात प्रसिद्ध झालेली नसावी.

मला हसूच आलं. माझी कथा प्रसिद्ध करायला कोण बसलं होतं?

कथा माझ्याकडं आठ वर्षं तयार होती. तिसरीत असताना ताप आला म्हणून बाईंनी मला भरदुपारी घरी सोडलं होतं. बघते तर दाराला बाहेरून कुलूप. बोळातून मागच्या दारी गेले, तर तिथं आतून कडी. मी फटीतून हाक मारली. कडी निघाली, आईचा हात बाहेर आला आणि मला आत ओढून घेतलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पंखासुद्धा बंद होता. मधल्या खोलीत लोखंडी कपाटाला पाठ टेकून, पाय लांब सोडून ती बसली. पुढ्यात वाटीभर भाजलेल्या शेंगा. तेवढ्यात पुढच्या दाराशी कुणीतरी आलं, कुलूप बघून "कोण न्हाय वाटतं" म्हणालं आणि गेलं. तोवर आईनं हातातली शेंग तशीच धरून ठेवली होती. मग फोडली.

रोज दीड ते अडीच. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं, बोळातून वळसा मारून मागच्या दारानं आत यायचं आणि बसायचं. काही करायचं नाही. पप्पांना वाटायचं, ती बचत गटाच्या मीटिंगला जाते. आठ वर्षं रोज मीटिंग घेणारा बचत गट त्यांना एकदाही संशयास्पद वाटला नाही, यावरून त्यांची सहकारावरची श्रद्धा दिसून येते.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मैत्रिणींना नाही, डायरीतसुद्धा नाही. आणि कथा मागितल्याबरोबर तीच लिहिली. नावं बदलून बघितली, तर सगळंच खोटं वाटायला लागलं, म्हणून खरीच ठेवली. त्यातल्या एका वाक्यावर मी फार खूश होते. 'दीड ते अडीच आई कुणाचीच नसते.' ते लिहून झाल्यावर मी उठून आरशात बघून आले.

टाइप करायला विजूकाकांच्या दुकानात गेले. काकांचं डिजिटल फ्लेक्सचं दुकान आहे. बावड्यात कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, कुणाचा बैल शर्यतीत पहिला येवो नाहीतर कुणी देवाघरी जावो, सगळ्यांना काकांच्या मशीनमधूनच जावं लागतं. दोन दिवस बसून कथा टाइप केली, 'संयोगिता कथा' नाव देऊन त्यांच्याच कॉम्प्युटरवर ठेवली. पाठवली मात्र नाही. आईला आधी दाखवावी की नको, यात चार दिवस गेले. दाखवली असती तर तिनं पाठवू दिली नसती, म्हणून दाखवली नाही. मी काय करतेय ते मला नीट कळत होतं. हे मी कुठल्या अर्जात लिहिलं नाही.

दरम्यान पहिली फेरी पार झाल्याचं मी घरी सांगितलं होतं. आमच्याकडं फेरी वगैरे काही नसतं. माणूस एक तर पडतो, नाहीतर निवडून येतो.

अठ्ठावीस तारखेला सकाळी क्लासवरून येताना चौकात मला मीच दिसले. दहा फूट उंच, बारा फूट रुंद. चुलतबहिणीच्या लग्नातला माझा फोटो, मागं धबधबा आणि त्या धबधब्यातून डरकाळी फोडत बाहेर येणारा वाघ. वर लिहिलं होतं, 'कु. संयोगिता हिची लेखिकापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली गोल चौकटींत तालमीतली बावीस पोरं, निम्मी गॉगल लावलेली. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नव्हते. आणि उजव्या बाजूला, अथपासून इतिपर्यंत, माझी कथा. तिच्यावर लाल अक्षरांत, काकांनी स्वतःच्या पदरचं उद्गारचिन्ह घालून, 'दीड ते अडीच आई कुणाचीच नसते!'

काका खाली उभे होते, शिडी धरून. "कसं वाटलं? नाद खुळा काम हाय का न्हाय?"

"काका, कथा कशाला लावली?"

"लोक नुसतं निवड झाली, निवड झाली म्हणत्यात. पुरावा नको व्हय?"

"तुम्ही वाचली तरी का?"

"वाचायला कुठला येळ? पयल्या चार वळी बघितल्या. आईवर लिवलंईस म्हटल्यावर डोळ्यांत पानीच आलं बघ. म्हटलं, घाला सगळी."

"आणि वाघ?"

"वाघ टेम्प्लेटमधी असतोय."

फ्लेक्सवर आपला फोटो आहे का, एवढंच बघायची आमच्या चौकाची रीत आहे. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी वाचन केलं. रिक्षावाल्यांनी रिक्षा बाजूला घेऊन वाचलं. दूध घालून परत निघालेल्यांनी मोकळी किटली हँडलला अडकवून वाचलं. एकानं चष्मा विसरला म्हणून दुसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. माझ्या लिखाणाला असला वाचक मिळाला, हे बघून मला चक्कर यायची बाकी होती.

आणि गिरणीतून पिठाचा डबा घेऊन येणारी आई. ती पलीकडच्या बाजूला उभी राहून वाचत होती. शेवटपर्यंत वाचलं. मला रस्ता ओलांडून तिच्याकडं जायचं धाडस झालं नाही. वाचून झाल्यावर तिनं डबा दुसऱ्या कडेवर घेतला आणि घराकडं चालायला लागली.

दुपारी दीड वाजला. कुलूप खिळ्याला होतं, तिथंच राहिलं. एक पस्तीसला शेजारच्या धोंडुबाई आज्जी आल्या. "म्हटलं, आत असतीयास ते आता कळलंय, तर बसावं जरा." मग तालमीतली चार पोरं पेढे घेऊन आली. मग दोन बायका आल्या, नुसतं ते कपाट बघायला. कथेत लिहिलेलं कपाट हेच का, असं विचारून त्यांनी त्याला हात लावला. आईनं सगळ्यांना चहा केला.

सव्वादोनला पप्पा आले. त्यांना कथा दुकानात बसल्या बसल्या एका गिऱ्हाइकानं सांगितली होती.

"म्हणजे तू आत असताना मी पाठीवलेली माणसं कुलूप बघून परत गेली? आठ वर्सं?"

"रोज न्हाय," आई म्हणाली. "दीड ते अडीच आली तीच."

"उपाशी?"

"हॉटेलात खाल्ली असतील की. कोण मेलेलं ऐकाय न्हाय आलं."

"अगं, पर माझ्या नावाचं काय? आनि दार लावून बसायला तुला घरात कमी काय हाय? कोण टाकून बोलतंय? कोण हात उचलतंय?"

पप्पांना खरंच कळत नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. ते रागावले असते तर मला त्यांच्यावर रागावता आलं असतं. ते नुसते दुखावून खुर्चीत बसले, सतरापैकी एका. आईनं त्यांनाही चहा दिला.

त्या गडबडीत मला ती ठळक अक्षरांतली अट आठवली. हात दाखवून अवलक्षण झालंच होतं, आता ती एका खुर्चीची खोलीही गेली. तरी प्रामाणिकपणे मी लेखन निवासाला ईमेल केला, फ्लेक्सचा फोटो जोडला आणि विचारलं, याला प्रसिद्ध होणं म्हणतात का. तासाभरात त्यांच्या पवित्रा मॅडमचं उत्तर आलं.

'प्रिय संयोगिता, सात वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला. आम्ही सगळ्यांनी बसून चर्चा केली. चौकात लावलेली कथा प्रसिद्धच म्हणावी लागेल. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणाचंही पुस्तक एका दिवसात इतक्या लोकांनी वाचलेलं नाही. तेव्हा नवी कथा पाठव. हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो चालतील. मुदत तीच. ता. क. वाघ कशासाठी आहे?'

म्हणजे तीन दिवस. आणि घरात तर जत्रा भरलेली. एकोणतीसला वही घेऊन गच्चीवर गेले, तर तिथं काका कुणाला तरी फोनवर सांगत होते, "लेखिका आमचीच पुतणी." गोठ्यात गेले, तर धोंडुबाई आज्जी मागोमाग आल्या. "बाय, माज्यावर पन लिव की गं. मी बी लई सोसलंय."

दुपारी आई मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, ते सगळं विसरले.

"आई, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तुला न विचारता लिहिलं."

"ते तर चुकलंच." ती कढई घासत राहिली. पाणी ओतलं, कढई उपडी घातली. मग म्हणाली, "आनि अजून एक चुकलंय. तू लिवलंईस, आई डोळं मिटून बसती. मी डोळं मिटत न्हाय. मिटलं की तास लगीच सरतोय."

मला रडूच कोसळलं. तिच्याकडं दिवसातला एकच तास होता, तो मी चौकात टांगला होता, आणि ती माझं वाक्य दुरुस्त करत होती. मला माझीच लाज वाटली.

"रडू नगंस. पाठीवलीस का?"

"ती आता चालत नाही. दुसरी पाहिजे, परवापर्यंत."

"मग लिही की."

"कुठं बसून?"

आईनं आत बघितलं. बाहेरच्या खोलीत नऊ माणसं होती. काका त्यांना वाघाचं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, दीडला पाच कमी असताना आईनं खिळ्याचं कुलूप काढलं. मला वाटलं, तिनं आपला तास परत घ्यायचं ठरवलं, कुणाला काय वाटायचं ते वाटू दे. तिनं मला दंडाला धरून मधल्या खोलीत नेलं, कपाटाला टेकून बसवलं, मांडीवर वही ठेवली आणि पंख्याचं बटण दाबलं.

"फॅन असू दे. घाम गाळून लिवू नगंस."

"आणि तू?"

"मी भाईर बसतो." आमच्याकडं बायकाही 'बसतो, जातो'च म्हणतात. महांतेश सर माझ्या निबंधांतून ते गेली दोन वर्षं खोडतायत.

मागचं दार तिनं लावून घेतलं. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप पडलं. मग लसूण सोलायला घेतलेलं सूप पायरीवर ठेवल्याचा आवाज आला. मी पेन उघडलं, पण आधी कान देऊन ऐकत बसले.

पहिल्या आल्या धोंडुबाई आज्जी. "का गं अनुजा, कुलूप घालून पायरीवर?"

"आत कोण न्हाय, आत्ती."

"पोरगी आत गेल्याली बघितली की मी."

"कोण न्हाय."

"फॅन फिराय लागलाय की गं!"

"फिरू दे. त्याला काय काम हाय दुसरं?"

आज्जी बराच वेळ उभ्या राहिल्या असाव्यात. मग गेल्या. पेढेवाले आले, त्यांनाही तेच सांगितलं. कुलूपही तेच, वेळही तीच. फरक एवढाच, की या वेळी आत कोण आहे ते साऱ्या बावड्याला माहीत होतं, आणि आई उन्हात बसून प्रत्येकाच्या तोंडावर नाही म्हणत होती. मी लिहायला लागले.

दोनच्या सुमाराला पप्पांचा आवाज आला. "अनुजा, ह्ये मलकापूरचं पावणं आल्यात. कुलूप काढ, दोन ताटं वाढ."

"आत कोण न्हाय."

"अगं, तू हितं बसलीयास की!"

"मी हितं हाय. आत कोण न्हाय."

"संयू कुठं हाय?"

"म्हाईत न्हाय."

पंख्याचा आवाज मला एवढा मोठा कधी वाटला नव्हता. मग मलकापूरचे पाहुणे म्हणाले, "चालतंय की, उदयसिंहराव. आमी हॉटेलात बघतो कायतरी."

"थांबा," पप्पा म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, "चला, मी बी येतो. मला बी भूक लागलीया."

पप्पांच्या दारातून उपाशी गेलेले ते पहिले पाहुणे नव्हते. पण त्यांच्या डोळ्यांदेखत गेलेले पहिलेच.

त्या तासात मी काय लिहिलं, ते इथं सांगत नाही. एकदा सांगून बघितलंय. अडीचला कुलूप निघालं तेव्हा सहा पानं झाली होती. या वेळी मी ती आधी आईच्या हातात दिली. तिनं लसणाचे हात पदराला पुसले, पायरीवर बसून सगळी वाचली आणि पेन्सिल मागितली.

"ही दोन वाक्यं मिरवायला घातल्यास," म्हणाली आणि दोन्हींवर काट मारली. दोन्ही माझी लाडकी होती. मी काढून टाकली, पानं परत उतरवली आणि एकतीस तारखेला फोटो काढून पाठवली.

एप्रिलमध्ये निकाल आला. वीसमध्ये नाव नाही. प्रतीक्षा यादीत दुसरा क्रमांक.

"दुसरा नंबर!" काका खुर्चीतून उठले. "प्रतीक्षा यादीत निवड झाल्याबद्दल..."

"भाऊजी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "फ्लेक्स लावलासा तर ह्येच कुलूप तुमच्या दुकानाला घालीन. तुमास्नी आत ठेवून."

काका बसले. जुना फ्लेक्स तेवढा त्यांनी उतरवला, आणि वाया नको म्हणून गोठ्यावर घातला. म्हशी आता माझ्या कथेखाली उभ्या असतात.

कुलूप मात्र पुन्हा रोजचं झालं नाही. माझी कथा लिहून झाली, आणि आईचा तास संपला तो संपलाच. ती पायरीवर बसली, ते माझ्यासाठी एक दिवस. स्वतःसाठी कोण रोज असं पहारा देत बसतं? एकदा तिनं लावून बघितलं होतं, तर लोक येऊन कडी वाजवायला आणि हसत हाक मारायला लागले, "वैनी, आत हायसा म्हाईत हाय!" पप्पा आता गिऱ्हाइकाला घरी पाठवण्याआधी फोन करून विचारत, हा त्यांच्या परीनं मोठाच बदल होता. पण फोन दीड ते अडीचलाही यायचेच. मला तिच्या तोंडाकडं बघवत नसे. तिनं मला एका शब्दानंही बोलून दाखवलं नाही, त्यामुळं तर जास्तच.

मेच्या तीन तारखेला पवित्रा मॅडमचा फोन आला. निवड झालेला मुंबईचा एक मुलगा आईवडिलांबरोबर स्वित्झर्लंडला चालला होता आणि प्रतीक्षा यादीतला पहिला नंबर क्लासमुळं नाही म्हणाला होता, म्हणून जागा रिकामी झाली. संघर्ष कुणाला चुकलाय? आईवडिलांनी पहिल्या दिवशी सोबत यायला हरकत नाही, जेवूनच जा, असंही त्या म्हणाल्या. पप्पांना तेवढंच पटलं.

आम्ही बंगल्यावर पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. माझी खोली अगदी फोटोतल्यासारखी होती. पप्पांनी चहूकडं नजर फिरवली.

"एकच खुर्ची? आनि पावणं आलं तर?"

"यायचं नसतंय," आई म्हणाली.

पप्पा जेवणाची व्यवस्था बघायला खाली गेले. मी बॅग उघडली. आई दाराशीच उभी होती. तिनं आतली कडी सरकवून बघितली, काढली, परत सरकवली.

"कडी आतनं हाय."

"हो."

"आनि भाईरच्यास्नी म्हाईत असतंय, आत माणूस हाय म्हणून?"

"असतंय की."

"तरी बी वाजवत न्हाईत?"

"नाही वाजवत."

तिनं कडी काढली. मग पिशवीतून शेंगांची पुडी काढली. घरातनं निघतानाच बांधून घेतली असणार.

"तू जरा भाईर थांब," म्हणाली.

मी बाहेर आले. मागं कडी लागली. मी दारासमोर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. दीडला पाच कमी होते, तेवढं मी चालवून घेतलं.

थोड्या वेळानं पप्पा जिन्यावरून आले. "आई कुठं हाय? पानं वाढल्यात खाली. समदी खोळंबल्यात."

"आत कोण नाही," मी म्हणाले.

पप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग बंद दाराकडं. दार ठोठावायला त्यांनी हात उचललाही होता. तो तसाच खाली घेतला आणि माझ्या शेजारी पायरीवर टेकले. आतून शेंगा फुटत होत्या, एकेक करून, सावकाश.

खालून पवित्रा मॅडमनी हाक मारली, "संयोगिताचे आईवडील वर आहेत का?"

आतला आवाज थांबला.

"हितं कोण न्हाय!" पप्पा ओरडले. बावड्यातल्या चौकात ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं.

जरा वेळानं आत परत एक शेंग फुटली.